रेशनबाहेरचा पेला

क्रॅनबेरीचा रस लागू पडला तर वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. भालचंद्र हळबे यांच्या पदरात बरंच पडणार होतं. त्यांचं क्रॅनबेरीचं तळं वाचणार होतं, चंद्रावरचा मुक्काम तीन वर्षांनी वाढणार होता आणि त्यांनी घडवलेल्या वाणाला त्यांचं नाव मिळणार होतं. नाही लागू पडला तर ते पुढच्या यानाने परत जाणार होते आणि तळ्याच्या जागी बटाटे लागणार होते. त्यामुळे बोगद्यात खोदकाम करणाऱ्या रेशमा पावराला तिसऱ्यांदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तेव्हा हळबे हळहळले, हे खरं. पण हळहळता हळहळता त्यांनी बाटल्या धुवायला घेतल्या, हेही खरं.

चंद्रावरच्या लाव्हाच्या बोगद्यात वसलेल्या ‘सुरंगी’ वसाहतीत बारा माणसं होती. पाणी सगळं पृथ्वीवरून आणलेलं आणि मोजून मिळणारं. आंघोळीला जास्त उरावं म्हणून लोक पिण्यात काटकसर करत, आणि त्या काटकसरीचा पहिला फटका रेशमाला बसला होता.

“या खेपेला ताप उतरलाय,” वसाहतीच्या डॉक्टर शर्वरी उकिडवे म्हणाल्या. “पण शेवटचं प्रतिजैविक संपलं. चौथ्यांदा झालं तर माझ्याकडे द्यायला काही नाही, आणि यान साठ दिवसांवर आहे. मूत्रपिंडापर्यंत गेलं तर मुलगी हातची जाईल.”

“म्हणून तर रस म्हणतोय.”

“हळबे, क्रॅनबेरीचं मलाही ठाऊक आहे. काही बायकांचा वारंवार उलटणारा त्रास कमी होतो, एवढंच. झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही.”

“मी बरा करतोच कुठे? गवतातून चाललं की कपड्याला कुसळं चिकटतात ना? जंतूंच्या अंगावर तसेच तंतू असतात. त्यांनी ते मूत्राशयाची भिंत धरून बसतात. क्रॅनबेरीतला चिकटरोधक त्या कुसळांची टोकं बांधून टाकतो. जंतू मरत नाही. नुसता सुटतो आणि लघवीबरोबर वाहून जातो.”

“साध्या रसातला चिकटरोधक पोटातच मोडतो.”

“माझ्या वाणातला मोडत नाही. दीडशेपट आहे, आणि जसाच्या तसा लघवीत उतरतो.” हळबे जरा पुढे वाकले. “फक्त एक करू. रस सगळ्यांनाच देऊ. एकट्या रेशमाचा अहवाल पृथ्वीवर कोण वाचणार?”

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि रसाची नोंद औषधांच्या वहीत केली. सुरंगीत औषधांची वही वेगळी, पाण्याची वेगळी. म्हणजे औषध म्हणून प्यायलेला पेला पाण्याच्या रेशनमध्ये धरला जात नव्हता. ही गोष्ट वसाहतीत कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

सैंधव आणि जिरं घातलेला तो तांबडा रस जेवणानंतर मिळू लागला. दुसऱ्याच दिवसापासून लोकांच्या तब्येती बिघडायला लागल्या. कोणाची पाठ धरली, कोणाचं अंग कसकसायला लागलं. वसाहतप्रमुख कर्नल यशोधर निकम यांचे गुडघे तर दोन पेल्यांशिवाय वाकेनात. पित्ताचा त्रास म्हणून न पिणारा एकटाच होता, पाण्याचा अभियंता सायमन लोपिस, मूळचा वसईचा.

“माझ्या वाटचं औषध कोण घेतंय रे?” त्याने एकदा विचारलं. तीन हात वर झाले.

बावीस दिवस रेशमा ठणठणीत होती. हळब्यांनी अहवालाचं पहिलं पान लिहून काढलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी लोपिस भोजनगृहात आला आणि नाश्ता चालू असतानाच त्याने नळाची मुख्य चावी बंद केली.

“चहा तरी होऊ दे, सायमन,” निकम म्हणाले.

“शुद्धीकरण बंद पडलंय, सर. साठवणीत चार दिवसांचं पाणी आहे.”

निकमांनी ताट बाजूला सारलं.

“शुद्धीकरणाच्या कुंडात प्लॅस्टिकची सहा हजार कडी आहेत,” लोपिस म्हणाला. “त्यांच्यावर जंतूंची साय धरलेली असते. आपल्या लघवीतला अमोनिया तीच खाते. आज साय सगळी सुटून तरंगतेय. पाणी पुढे सरकलं की तीही पुढे जाते.”

“विषारी काही गेलं का कुंडात?”

“नाही, डॉक्टर, जंतू जिवंत आहेत. मी सूक्ष्मदर्शकातून बघून आलो. फक्त कड्यांना धरत नाहीत.”

डॉक्टरांनी हळूच हळब्यांकडे पाहिलं. “जसाच्या तसा लघवीत उतरतो, असं म्हणाला होतात ना?”

हळब्यांचा चेहरा पडला. “बारा पेल्यांनी असं व्हायला नको. मी गणित केलं होतं. कुंड वीस पेल्यांपर्यंत सोसतं.”

“आणि रोज जात किती होते?”

“एकतीस,” हळबे म्हणाले.

निकमांनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाले, “म्हणजे तुमचा रस लागू पडला, हळबे. अहवालात लिहा, अकरा माणसं आणि एक कुंड. एकही अपवाद नाही.”



“रस आजपासून बंद केला तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“पोटात मोडत नाही तो कुंडात कशाला मोडेल?” लोपिस म्हणाला. “त्याच पाण्यातून फिरत राहणार. मला कोरं पाणी हवंय, तीनशे लिटर. जंतू मेलेले नाहीत हे आपलं नशीब. साय तळाला बसू द्यायची, वरचं पाणी काढून टाकायचं आणि तळाचा गाळ विरजणासारखा कोऱ्या पाण्यात सोडायचा. कड्यांवर परत धरेल.”

तीनशे लिटर कोरं पाणी वसाहतीत एकाच ठिकाणी होतं. साबणाचा, लघवीचा थेंबही झुडपांना लागू नये म्हणून हळब्यांनी दोन वर्षं भांडून आपलं तळं वेगळं ठेवलं होतं.

“आणि कुंडातलं खराब पाणी तळ्यात सोडायचं,” हळबे कोरड्या आवाजात म्हणाले. “दुसरी जागाच नाही. खारट पाण्यात क्रॅनबेरी आठवडाभर टिकत नाही.”

“नाही टिकत, सर.”

हळबे उठले. “तळ्याची चावी मीच उघडतो,” एवढंच म्हणाले.

तेव्हा दाराशी उभी असलेली रेशमा बोलली. “डॉक्टरबाई, एक विचारू? ते कुंडातले जंतू मेले नाहीत, म्हणून परत धरतील. मग माझ्या पोटातले?”

डॉक्टर म्हणाल्या, “तेही मेलेले नसणार. रस सोडलास की परत धरतील.”

“म्हणजे रस प्यायले तर कुंड जातं, नाही प्यायले तर मी. असंच ना?”

“रसाच्या तयार बाटल्या किती आहेत?” निकमांनी विचारलं.

“एकीला यान येईपर्यंत पुरतील,” हळबे म्हणाले. “पण कोवळी साय आहे. हिच्या एका पेल्यानेही सुटेल. हिची लघवी कुंडात जाऊ देता येणार नाही, फेकावी लागेल.”

“रोज दीड लिटर पाणी फेकायचं? अडतीस दिवस?” कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. “ते भरून कोण देणार?”



लोपिसने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि विचारलं, “हळबेसाहेब, रसाचा पेला केवढा होता?”

“एकशे चाळीस मिलिलिटर.”

“ही सोडून आपण अकरा जण. प्रत्येकी रोज एकशे चाळीस दिले की दीड लिटर भरून थोडं उरतं.” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. “एक पेला. सवय आहेच.”



सातव्या दिवशी अमोनियाचा आकडा उतरला. मधले तीन दिवस, साठवण संपल्यावर, सगळ्यांनी यानासाठी राखून ठेवलेलं पाणी घोटाघोटाने प्यायलं होतं. तळ्यातली झुडपं तोवर काळी पडली होती. रेशमा रोज आपला पेला प्यायची आणि लघवीची बाटली स्वतः बाहेरच्या पेटीत नेऊन ठेवायची. तिला ताप आला नाही.

लोपिसने त्या दिवसापासून पाण्याच्या वहीत नवं पान घातलं. हळबे: तीनशे लिटर एकदाच, शिवाय रोज एकशे चाळीस मिलिलिटर. निकम, उकिडवे आणि बाकीचे सात: रोज एकशे चाळीस. पावरा: काही नाही. शेवटी त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि शेजारी बसलेल्या हळब्यांना विचारलं, “चवीला कसा होता हो तुमचा रस?”

“तुरट,” हळबे म्हणाले.

लोपिसने मान डोलावली आणि आपल्या नावापुढे एकशे चाळीस मांडले.