आग्रही पहारेकरी

वेंगुर्ल्याच्या प्रभावतीबाई लोटलीकरांनी सकाळी संगणक उघडला, तेव्हा त्यांच्या फर्नच्या सूचीतून सतरा नेचे गायब होते. दहा मिनिटांत एकवीस. निवृत्तीनंतर अकरा वर्षं कडेकपारी हिंडून जमवलेली ही सूची दोन वाजेपर्यंत वनस्पती संग्रहालयाला पाठवायची होती. वेगळी प्रत काढून ठेवायचं त्या रोज उद्यावर ढकलत आल्या होत्या.

त्यांनी पहारेकऱ्याची नोंदवही उघडली. हा विषाणूरोधक प्रोग्राम जावयाने, लेक रेवतीच्या जयवंतने, बसवून दिला होता. तो विषाणूंची यादी बाळगत नसे. संगणकाच्या कॅमेऱ्यातून घरातली माणसं कोणाशी कशी वागतात हे बघून आपलं-परकं शिकत असे.

८.४० : अनोळखी फाईल आली. नाव सांगेना. आत घेतली.

“अरे, नको घेऊस तिला,” बाई म्हणाल्या.

९.१४ : बाई नको म्हणाल्या. आणखी दोन घेतल्या.

बाईंनी कुडाळला फोन लावला. जयवंतने तिथूनच तपासलं आणि जरा चाचरत सांगितलं, की पहारेकरी जेवणाच्या टेबलावर शिकलाय. दर रविवारी जावई तीनतीनदा नको म्हणतो आणि दर वेळी पानात आणखी एक घावन पडतं. चार महिन्यांत पन्नासेकदा. काढून टाकावा, तर त्याच्या ताब्यातली सूचीही जाईल.

“मग समजावा ना त्याला, जयवंतराव.”

“सांगून ऐकत नाही, आई. बघून शिकतो. मी येतो, तुम्ही वाढा.”

साडेबाराला जयवंत पानावर बसला. दोन घावनं झाल्यावर त्याने ताटावर हात आडवा धरला.

“नको.”

बाईंचा हात सवयीने पुढे गेला, हवेतच थबकला. घावन डब्यात गेलं. मग रस. नको. तोही झाकला. खरवसाला जयवंतचं नको फारच हळू आलं, तरी बाईंनी मन घट्ट करून वाटी उचलली.

१.०५ : नको म्हणजे नको. तिन्ही फायली बाहेर काढल्या. त्यांनी लपवलेले नेचे जागेवर लावले.

सूची वेळेत संग्रहालयाला गेली. बाईंना हसू आवरेना.

“आता मागून घ्या,” त्या म्हणाल्या. जयवंतने खरवस मागून घेतला.

१.२० : जुने नकार पुन्हा तपासत आहे. परवा रेवतीताई म्हणाल्या, आई, आमच्याकडे राहायला ये. बाई नको म्हणाल्या. तो नकार खरा धरू, की आग्रहाची वाट पाहणारा?

चमचा हातात तसाच धरून जयवंत बाईंकडे बघू लागला.