लिहून खोडलेली पॅकेटं

शुक्रवारच्या चाचणीत नेटवर्कचा नवा डबा पास झाला, तर तिला प्रयोगशाळेची प्रमुख करायचं साहेबांनी कबूल केलं होतं. नापास झाला, तर पद दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी जाणार, वर साहेबांचं तोंड आंबट. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्या पास होण्यातच परीक्षकाचा फायदा! असा सौदा कुणीही डोळे मिटून पदरात पाडून घेतला असता. तिने डोळे उघडे ठेवले, तिथेच घोटाळा झाला.

कारण डब्यामागे तो होता, डबा बनवणारा.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांत डबा धरून तो प्रयोगशाळेचं दार खांद्याने ढकलायला गेला, आणि नेमकं तिने ते आतून ओढलं. तो धडपडत थेट तिच्या टेबलापर्यंत आला. डबा वाचला, चहाचा कप नाही.

"सॉरी... भिजलं का हो?"

"मी? की टेबल?"

"नाही — म्हणजे — डबा."

ती खळखळून हसली. त्याचे कान लाल झाले. ते तिने बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

एका तारेतून आलेल्या माहितीच्या पॅकेटावरचा पत्ता वाचायचा आणि ते योग्य तारेने पुढे धाडायचं, एवढंच त्या डब्याचं काम. ते तो सुसाट करतो, असं हा पठ्ठ्या इतक्यांदा सांगे, की कचेरीत त्याचंच नाव 'सुसाट' पडलं.

"माझ्या चाचणीत एक पॅकेट गळलं नाही," तो ऐटीत म्हणाला.

"तुझ्या चाचणीत सगळी एका मापाची, एका रांगेत. कवायत आहे ती. खरी माणसं अशी चालतात का?"

"मग कशी चालतात?"

"दाखवते ना!"

सगळ्यांना विचारून तिने कचेरीतली एका दिवसाची वाहतूक टिपून घेतली. मजकूर नाही; फक्त पॅकेट केवढं, केव्हा निघालं, कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलाकडे. मग अशा पाचशे कचेऱ्या असल्याचं सोंग उभं केलं, प्रत्येकीचं घड्याळ जरा मागेपुढे ठेवून, आणि ती सगळी गर्दी डब्यावर सोडली.

डबा सकाळभर छान पळाला. जेवणाच्या सुमाराची वाहतूक आली, आणि तो धापा टाकू लागला. पॅकेटं भराभरा गळाली. सगळी चिमुकली! पॅकेट लहान असो की मोठं, पत्ता वाचायचे कष्ट तेवढेच; त्यामुळे चिमुकल्यांची झुंबड उडाली की डब्याची दमछाक. कचेरीतल्या चॅटवर लिहिताना कळफलकाचं एकेक बटण दाबलं, की समोरच्याला 'लिहीत आहे' असं दाखवायला असं एक पॅकेट निघे. जेवणाआधी सगळेच लिहीत होते, पण एक टेबल तर थांबायलाच तयार नव्हतं. सुसाटचं. पॅकेटं जात होती प्रयोगशाळेकडे, तिच्याच टेबलाकडे. तिचं चॅट दिवसभर आलेखांखाली झाकलेलं. आणि शेवटी पाठवलेला निरोप — एकही नाही.

तिने ताईला फोन लावला. "ताई, पाऊण तास कुणी लिहून लिहून काय खोडतं गं?"

"राजीनामा, नाहीतर प्रेमपत्र. कोण आहे?"

"डबा आहे एक."

"बरा आहे का दिसायला?"

तिने फोन ठेवला.

सुसाटला दाखवल्यावर त्याचे कान पुन्हा लाल. "हे... एका माणसाचं आहे. अपवाद. एवढं वगळ ना. डबा पास, तू प्रमुख."

मोह तिलाही झाला. दोन बटणांचं तर काम! "अपवाद कसला? सगळेच लिहितात आणि खोडतात. तू जरा जास्त," ती म्हणाली. "उद्या डबा बाहेर गेला, की तिथेही असे भेकड भेटतीलच."

शुक्रवारी डबा नापास झाला. दुपारी तो हळूच दारात आला.

"पाठवलास अहवाल?"

"पाठवला. तुझं नाव नाहीये. 'निर्णय न होणारा वापरकर्ता' एवढंच."

"साहेब विचारतील, एवढं कोण खोडतं म्हणून."

"मीही तेच विचारतेय. काय लिहीत होतास?"

तो दारातून आत आला.

"आधी — 'बाहेर जेवायला येतेस का'. ते फारच साधं वाटलं. मग 'तुझ्याशी बोलायचंय'... ते फारच गंभीर. मग तुझ्या हसण्याबद्दल काहीतरी. ते तर लगेच खोडलं."

"का?"

"एकदा पाठवलं की परत घेता येत नाही ना."

"आणि आता?"

"आता..." त्याने थेट तिच्याकडे बघितलं. "तू मला आवडतेस. खूप. हे खोडायचं कसं, ते कळत नाहीये."

"मग राहू दे की," ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

पुढच्या आठवड्यात त्याने चिमुकल्या पॅकेटांचे घोळके करून एकदम हाताळायला डब्याला शिकवलं, आणि डबा त्याच गर्दीतून न दमता पार झाला. तोवर पद दुसऱ्याला जाऊन बसलं होतं. हिशेब मांडायचा, तर उशीर डब्याची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाने सोसला, बोलणी साहेबांनी खाल्ली, आणि या दोघांनी महिनाभर कुरकुर केली. सगळ्यांत जास्त किंमत मोजली तिने. तक्रार न करणारी मात्र ती एकटीच.