कडी नसलेली बाजू

तुम्हाला पटेल की नाही, माहीत नाही. पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. दौलतदादाही तेव्हा तिथेच होते.

गेल्या जुलैतला शुक्रवार. दुपारचा सव्वा वाजलेला. इथे आखातात, अल क्वोजमधलं आमचं सुतारकामाचं वर्कशॉप, मी तिथे सुपरवायझर.

रिझवान आणि बाकीचे कारागीर जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. मशिनं बंद. मी आणि कुडाळचे सुतार दौलतदादा, दोघंच.

भिंतीजवळ चाकांच्या ट्रॉलीवर एक जुनं दार उभं होतं. जर्मनीहून आलेलं, ओकचं. बाहेरच्या बाजूला जाड लोखंडी कडी. एका रेस्टॉरंटच्या भिंतीवर शोभेसाठी लावायचं होतं.

टक्... टक्...

"साहेब, आत कोणतरी आसा."

"आत कुठे? मागे भिंत आहे!"

टक्... टक्... टक्...

आम्ही ट्रॉली पुढे ओढली. मागे कुणी नाही. आवाज दारातूनच येत होता.

दादांनी फळीवर हात ठेवला. "थांबा हां... मी उघडतंय."

आवाज एकदम वाढला. वरून, खालून... ते एका माणसाचे हात नव्हते.

दादांनी कडी सरकवली. पण उघडणार काय? चौकटच नव्हती.

"काय करू साहेब? सांगा ना!"



मग आवाज कमी होत गेले. एकेक करून... शेवटी एकच उरला. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.

टक्...

तोही थांबला.

दादा खाली बसून रडले.

संध्याकाळी मी दारासोबत आलेली फाइल वाचली. सातशे वर्षांपूर्वीचं कॅथलिक चर्च. शहरातल्या विणकरांनी वर्गणी काढून बांधलेलं. दोनदा आग, एकदा प्लेग... दर वेळी लोक तिथेच आसऱ्याला आले. एकोणीसशे पंचेचाळीस साली बॉम्ब पडले तेव्हाही. ज्वाळा आत जाऊ नयेत म्हणून कुणीतरी तळघराचं हेच दार बाहेरून लावलं. उघडायला कुणी परत आलं नाही.

आत किती जण होते, ते लिहिलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी, सव्वा वाजता... पुन्हा तेच.

"दार भिंतीक ठोकू नका साहेब," दादांनी हात जोडले.

मी मॅनेजरला सांगून पाहिलं. तो हसला, विषयच संपवला. "यल्ला हबीबी, कल डिलिव्हरी है. खलास."

शनिवारी मीच उभं राहून ते दार सोळा बोल्टांनी रेस्टॉरंटच्या भिंतीला आवळून घेतलं. कडी तेवढी उघडी ठेवली. त्याने काय होणार होतं?

दादा काम सोडून गावी गेले.

काल माझी बायको अनुपमा खुशीत होती. आमच्या मुलीच्या, अवनीच्या पाचव्या वाढदिवसाला त्याच रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळालंय. शुक्रवारी, दुपारी एकचं. अगदी त्या दाराला लागून.