पाणी लावायचं नाही

केस सरळ करायचे तर खुशाल करा, पण आधी आमच्या धाकटीचं ऐकून घ्या.

माझ्या या बहिणीचे केस भलते कुरळे. आत शिरलेला कंगवा शोधायला माणूस पाठवावा लागेल, असं आम्ही चिडवायचो. तिला हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी मिळत होती. सगळं ठरलं, फक्त साहेब म्हणाले, "केस जरा नीट करून या." आई गेल्यापासून आम्ही दोघीच. तिला ती नोकरी काहीही करून हवी होती. म्हणून दुपारी गल्लीतल्या पार्लरमध्ये गेलो.

खिडक्या बंद. पार्लरवाली भांग पाडून, आधी पुढचे मग मागचे असे केस चिमटीत उचलून ब्रशने औषध थापत होती. वासानेच डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, "अहो, खिडकी तरी उघडा."

"वाऱ्याने बिघडतं." स्वतः मात्र मास्क लावून बसली होती, बघा!

"डोकं भाजतंय," धाकटी म्हणाली.

"भाजणारच. थोडं सोसावं लागतं."

तेवढ्यात बाईंना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या त्या गेल्याच. औषध तसंच डोक्यावर. परत आल्यावर घाईघाईने धुतलं, इस्त्री फिरवली आणि निघताना बजावलं, "तीन दिवस पाणी लावायचं नाही. बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत."

संध्याकाळी तिला धाप लागली. टाळूवर फोड आले होते.

"चल, धुऊन टाकू," मी म्हटलं.

"नको ताई, बिघडतील. नोकरी जाईल गं."

ऐकेना. मी तिला पलंगावर आडवं केलं, आणि बघते तर... केस उशीवर पडलेच नाहीत. दाराच्या दिशेने हवेत ताणलेले. एकेक बट ताठ, कुणीतरी टोकं धरल्यासारखी.

"ताई... कोण ओढतंय?"

"कुणी नाही गं."

मी एक बट धरून माझ्याकडे खेचली. पलीकडूनही तेवढीच ओढ आली. दाराला आतून कडी होती. मी कात्री आणली. कापलेली बट खाली पडली नाही. सरळ दाराच्या फटीतून बाहेर गेली.

तशीच तिला दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "औषधाने टाळू भाजलीय, वाफ छातीत गेलीय. धुवायचं नाही का लगेच?" त्यांनी उरलेले केस काढायला लावले. मी मनात म्हटलं, शिर सलामत तो पगडी पचास. सुटलो.

सकाळी तिच्या उशाशी बसले होते. लख्ख ऊन. तिच्या तुळतुळीत डोक्यावर एक भांग उमटला. मग शेजारी दुसरा. मधली कातडी चिमटीत धरल्यासारखी हळूहळू वर उचलली गेली. मी दोन्ही तळवे दाबून धरले. तळव्यांखाली कातडी उचलली जातच राहिली.

मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी माझे हात बाजूला केले, पाहिलं, आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. त्या परत आल्या नाहीत.

धाकटीने डोळे उघडले. आवाज जेमतेम फुटत होता.

"ताई, हात नको मध्ये घालूस... ती चिडते."

"कोण गं? कोण चिडतं?"

ती मान सरळ धरून पडून राहिली. अगदी शहाण्या मुलीसारखी.

"म्हणतेय... पुढचं झालं. आता मला पालथी कर."