छपरावरची मुंगी

दादा मोठ्या आजारातून जेमतेम सावरत होता. त्याला करमावं म्हणून धाकटीने एक उपद्व्याप आरंभला होता: कुणाच्या काडीच्याही कामाला न येणारी प्रोग्रामिंगची भाषा. तिच्यात ओळी नव्हत्याच. पटावर असतात तशी घरं होती, मजल्यावर मजले चढवलेली. प्रत्येक घरात एकच खूण: उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे, वर, खाली. त्या खुणा पाळत एक ठिपका फिरायचा. दादाने त्याचं नाव ठेवलं होतं मुंगी.

"हिचा उपयोग काय, ते विचारू नकोस हं."

"तुझा तरी काय उपयोग आहे? पोसतोच ना आम्ही!" दादा उशीवरून हसला.

धुक्याची दुपार होती. खिडकीबाहेरचं जग कुणी पुसून टाकल्यासारखं पांढरंफटक. खोलीत औषधाचा वास रेंगाळलेला. धाकटीने लॅपटॉप घेऊन दादाच्या पलंगाशी बसून मुंगी सोडली. मुंगी मजले चढत गेली, सगळ्यांत वरच्या मजल्यावर पोचली आणि पडद्यावरून नाहीशी झाली.

"अडली वाटतं कुठेतरी," धाकटी पुटपुटली.

तेवढ्यात डोक्यावर वाजलं. टक.

त्यांच्या वर कुणी राहत नव्हतं. नुसतं उतरतं पत्र्याचं छप्पर.

टक... टक.

"मांजर असेल."

"मांजराचा पाय वाजतो होय?" दादा हलकेच म्हणाला. "हे बघ... उजवीकडे वळलं."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरची पुढची खूण उजवीकडचीच होती. त्यानंतर पुढे. आवाजही पुढे सरकला. मग डावीकडे. खुणांची वाट कुठे जाते ते तिने बोटाने चाचपलं. अजून दोन घरं, की आवाज थेट दादाच्या पलंगावर येणार. आणि तिथली खूण होती खाली.

तिने ती घाईघाईने पुसली.

टक... टक. आवाज थांबला. बरोबर पलंगाच्या वर.

"का पुसलीस गं?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात भीती नव्हती, हिरमोड होता.

"दादा, गप्प राहा... प्लीज..."

पडद्यावरच्या त्या रिकाम्या घरात हळूहळू काहीतरी उमटू लागलं, काचेवर वाफ धरावी तसं. एक खूण. तिने कधीच न ठरवलेली. तिची सुरुवात कुठे नि शेवट कुठे, तेही डोळ्यांना कळेना.

दादा वाकला आणि त्याने ती वाचली. मोठ्याने, अगदी सहज, घरातल्या कुणाचं लाडकं नाव घ्यावं तशी. धाकटीने ती नीट ऐकली, आणि त्याच क्षणी विसरली.

मग वर बघत, पांघरूण बाजूला सारत तो म्हणाला,

"हो हो... आलोच."