अर्धी गाठ

हॉल उद्या पाडणार होते. मालकाच्या मुलानं निरोप धाडला होता, की तुमच्या वडिलांचं भंगार रंगमंचावर पडलंय, संध्याकाळच्या आत उचला. दादा आधी पोचला आणि त्यानं सामानावरची ताडपत्री काढून ठेवली. धाकटी बहीण आली तेव्हा भर दुपार होती. सामान गाडीत भरायचं आणि निघायचं, एवढंच काम.

बाहेर ऊन रणरणत होतं, पण नाचाच्या त्या जुन्या हॉलच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या आणि वीज तोडलेली. आत तिन्हीसांज झाल्यासारखा अंधार. कुबट पडद्यांचा वास नाकात बसत होता. धाकटीनं टॉर्च पेटवला आणि झोत रंगमंचावरच्या ड्रमवर पडला.

"बाबांचा सेट..."

"उरलेला सेट म्हण," दादा म्हणाला. "छोटा ड्रम त्यांनी दारूत घालवला. आयुष्यभर थापाच मारल्या, ड्रमवरही आणि आपल्यासमोरही."

बाबा वेगळंच सांगायचे. बँड मोडला तेव्हा हॉलच्या मालकानं सेट अडवून ठेवला, म्हणून मोठ्या ड्रमवर बसणारा छोटा ड्रम त्यांनी ह्याच हॉलमध्ये लपवला. "माझ्याशिवाय सेट पुरा होणार नाही," म्हणायचे. शिवाय सेट मुळातच असा लाकडी रंगाचा आणि सगळे ड्रम एकाच झाडाचे, हेही ठासून सांगायचे. कुणाचा विश्वास बसला नाही. आईनं तर मरेपर्यंत मानलं नाही, आणि बाबा गेले ते थापाडे म्हणूनच. धाकटीला ते अजून सलत होतं. खरंखोटं करायला आजचा दिवस तेवढा हातात होता.

वाद्यं दुरुस्त करण्यात तिची हयात गेली होती. लाकडी रंगाचे सेट तिनं ढिगानं पाहिले होते. पुष्कळांचं वरचं चकाकतं वेष्टन नंतर कुणीतरी सोललेलं असतं. तिनं बोट फिरवलं. गोंदाचा डाग नाही, बुजवलेलं भोक नाही. मग तिनं एका ड्रमच्या कडेचा लोखंडी तुकडा सैल केला. त्याच्याखालचं लाकूड फिकट होतं आणि आजूबाजूचं वर्षानुवर्षांच्या उजेडानं मधासारखं झालेलं. दोन्हींवर एकच पॉलिश.

"अस्सल आहे रे! जन्मापासून असाच आहे हा!"

"बरं. आणि एकाच झाडाचा?"

मोठ्या ड्रमच्या कडेला लाकडातली एक काळपट गाठ अर्धी कापली गेली होती. दुसरी अर्धी बाकी कुठल्याच ड्रमवर नव्हती. म्हणजे ती छोट्यावर असणार... असलीच तर.

तिनं उभ्या ड्रमवर हलकेच टिचकी मारली. शेजारचा चपटा ड्रम, स्नेअर, कुरकुरला. "त्याच्या पोटाखाली तारांची पट्टी असते," ती म्हणाली. "जवळ काही वाजलं की कुरकुरते."

आवाज विरला. आणि स्नेअर पुन्हा कुरकुरला.

"ट्रक गेला असेल," दादा म्हणाला.

"गल्ली बंद आहे, दादा..."

दोनदा सावकाश. तीनदा लगबगीनं. बाबा घरी आले की दारावर असंच वाजवायचे, आणि आतून कुणी एकदा टकटक केलं की मगच आत यायचे.

"स्नेअर उचल," ती कुजबुजली. "स्टँडसकट उचल... आणि चाल."

दादानं तो उचलला. दाराकडे गेलं की कुरकुर मंदावे, रंगमंचाच्या मागच्या भिंतीकडे गेलं की वाढे. एका फळीपाशी ती इतकी वाढली की दोघांचे दात शिरशिरले. धाकटीनं पेचकस घालून फळी उचकटली. आत बाबांचा बँडचा कोट होता आणि कोटात गुंडाळलेला छोटा ड्रम.

तिनं तो मोठ्याला टेकवून फिरवला, आणि गाठ जुळली. रेषेला रेष लागून अख्खी, गोल गाठ.

दादानं गाठीवरून बोट फिरवलं. "खोटं नव्हते बोलत गं... बाबा खोटं नव्हते बोलत!" तो लहान मुलासारखा रडला आणि मग हसायला लागला. धाकटीनं सगळे ड्रम मांडले आणि असे वाजवले, असे वाजवले, की फळ्यांवरची धूळ झडली. आई ऐकायला हवी होती, असं तिला फार वाटलं.

छोटा ड्रम मांडीवर घेऊन ती गाडीत पुढे बसली. बाकीचा सेट मागे भरून झाला, तेव्हा दादा तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं खिशातून काहीतरी काढलं. बारीक, गंजक्या तारांची पट्टी.

"सकाळी ताडपत्री काढताना ह्या स्नेअरखाली लोंबत होती. टोचली, म्हणून काढून घेतली. कामाची आहे का?"

धाकटीनं मागे वळून टॉर्च टाकला. स्नेअरचं पोट उघडं होतं. तिथे तार नव्हती. आणि तेवढ्यात स्नेअर कुरकुरला. दोनदा सावकाश. तीनदा लगबगीनं.

विचार करायच्या आत तिचा हात उठला. मांडीवरच्या छोट्या ड्रमवर तिनं एकदाच वाजवलं.

कुरकुर थांबली. गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं. ते हळूच आतून लागलं.