सकाळी रुसणारं कपाट

"ओढ! अजून जोर लाव! सकाळी खाल्लंस ते गेलं कुठे?"

"ओढतोच आहे, बाबा! माझा हात खांद्यातून निघेल, पण हे दार निघायचं नाही!"

भोपूने कपाटाच्या मुठीला लोंबकळून पाहिलं, एक पाय टेकवून पाहिलं, शेवटी हात जोडून विनवणीही केली. पण कपाट ढिम्म! मामा घामाघूम होऊन बाजूला झाले. मामीच्या छाटणीच्या कात्र्या आत होत्या आणि बाहेर चार हजार रोपं वाट बघत उभी होती.

"राहू दे आता," मामी आपल्या टेबलापाशी बसत म्हणाली. "संध्याकाळी उघडेल आपोआप. रोजचंच आहे त्याचं."

मोजपट्टीचे कान टवकारले. "मामी, रोजचंच म्हणजे?"

"अगं, सकाळी अडून बसतं आणि मग कधीतरी बोट लावलं तरी उघडतं. आधी बारा वाजेपर्यंत उघडायचं, आता तीन वाजतात. रुसवा वाढलाय त्याचा!"

मोठी माणसं हसली आणि कामाला लागली. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं नवल वाटेनासं होतं, तसं त्यांचं झालं होतं. मोजपट्टीचं मात्र तसं नव्हतं. तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. झोपलेल्या मांजराची शेपटीसुद्धा मोजणारी मुलगी ती! सुट्टीसाठी ती मामाच्या रोपवाटिकेत आली होती आणि तिच्यामागे तिचा सात वर्षांचा भाऊ आला होता. तो तिच्यामागे सगळीकडे जायचा, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत. भोपू हा मामांचा मुलगा. तो कानात काही सांगायला लागला तरी ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं.

ते कपाट होतं एका मोठ्या लोखंडी रॅकखाली. गोदामात माल ठेवायला असतो तसला रॅक. पुरुषभर उंचीवर त्याच्या आडव्या दांड्या, दांड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पाण्याच्या दोन जाड्याजुड्या टाक्या. एवढ्या उंचीवरून पाणी आपसूक नळीतून उतरायचं आणि रोपांपर्यंत पोचायचं. टाक्यांची सावली छान पडते म्हणून मामीने आपलं टेबलही तिथेच, कपाटाशेजारी मांडलं होतं. दिवसभर ती तिथे बसून रोपं लावायची.

"माझं मत विचाराल, तर आत भूत आहे," भोपू म्हणाला. "उशिरा उठणारं!"

"भुताला कात्र्या कशाला हव्यात?" शेपटाने विचारलं.

"नखं कापायला!"

मोजपट्टीने वही काढली. दर दहा मिनिटांनी दार ओढायचं आणि उघडलं की वेळ लिहायची! पहिल्या दिवशी दार तीन वाजून दहा मिनिटांनी उघडलं, दुसऱ्या दिवशी साडेतीनला, तिसऱ्या दिवशी चारला. रुसवा खरंच वाढत होता.

"लोखंड उन्हात फुगतं. शिकवलंय आम्हाला!" चौथ्या दिवशी सकाळी भोपूने दुसरा तर्क लढवला.

"मग दार भर उन्हात अडायला हवं आणि गारव्यात उघडायला हवं. हे तर उलटंच आहे!"

तेवढ्यात स्टुलावर चढलेला शेपूट ओरडला, "ताई, कपाटाच्या डोक्यावर दांडी बसलीय!"

खरंच की! रॅकची आडवी दांडी कपाटाच्या माथ्याला टेकली होती. मोजपट्टीने मध्ये वहीचा कागद सरकवायचा प्रयत्न केला, पण जाईना! संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तर कागद सोडाच, अख्खी वही आत गेली. तिचे डोळे चमकले.

"सकाळी आणि संध्याकाळी काय बदलतं? कपाट तेच. दांडी तीच."

"पाणी!" भोपू गर्जला. "सकाळी पंपाने टाक्या भरतात. दिवसभर रोपं पितात!"

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका टाकीत हजार लिटर. दोन टाक्यांचे मिळून..." मोजपट्टी मध्येच थांबली. "दोन हजार किलो! अरे, त्या फळ्यांवर दोन मोटारगाड्या उभ्या आहेत म्हण ना!"

"म्हणजे भाराने दांडी खाली येते आणि कपाटाला दाबते. सुटलं कोडं! चला खेळायला!"

"अर्धंच सुटलं. पाणी रोज तेवढंच भरतात ना? मग दार रोज उशिरा का उघडतं?"

या प्रश्नापायी मोजपट्टीला रात्रीचं जेवणही नीट गेलं नाही.

तिने मामांना विचारलं, तर ते खदाखदा हसले. "अगं वेडे, लोखंड आहे ते! पलीकडचं मोठं गोदाम बंद झालं ना, तिथला भंगारातला रॅक. त्यावर टनावारी माल असायचा. मी आणि फिटरने एका दुपारी जोडला आणि एकट्याने रंगवलाही. पडायचं असतं तर केव्हाच पडलं असतं!"

"पण मामा, दांडी रोज थोडी थोडी..."

"उद्या फिटर येतोय. ते कपाटच काढून टाकतो. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी थेट गोदाम गाठलं. दोन गल्ल्यांवर तर होतं. आत रॅक सुटे करायचं काम चाललं होतं आणि एक उंच, सडपातळ काकू हातात वही घेऊन सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. बावीस वर्षं त्यांनी तिथे फोर्कलिफ्ट चालवली होती. पुढे दोन लोखंडी दात असलेली, माल उचलणारी गाडी ती! मुलांनी कपाटावर टेकलेल्या दांडीची गोष्ट सांगून रॅकबद्दल विचारताच काकूंची कळी खुलली. आजवर त्यांना रॅकबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

"दांडीच्या टोकाला दात असतात. ते खांबाच्या खाचेत बसतात. भाराने घट्टही होतात. पण खालून धक्का बसला, तर तीच दांडी खाचेतून उचकटते! म्हणून प्रत्येक टोकाला ही पिन हवीच." काकूंनी खिशातून एक छोटासा वाकडा तुकडा काढला. "तुमच्याकडे आहेत ना लावलेल्या?"

भोपू तो तुकडा बघतच राहिला. "अरेच्चा! हे तर आमच्या जाळीचे आकडे!"

"कसले आकडे?"

"रोपांवर हिरवी जाळी आहे ना, ती बाबांनी तारेला याच आकड्यांनी अडकवलीय! फिटरकाका म्हणाले, दांड्या ठोकून बसवल्यात, पिना काय चाटायच्यात? मग बाबा म्हणाले, वा, जाळीला आयते आकडे मिळाले!"

काकूंचा चेहरा बदलला. "आणि खांब? एखाद्यावर लाल फुली आहे का? धडक बसून वाकलेल्या खांबावर आम्ही फुली मारायचो. तो वितळवायला पाठवायचा, पुन्हा उभा करायचा नाही. वाकलेला खांब भाराखाली रोज थोडा थोडा अजून वाकतो."

रोज थोडा थोडा! मोजपट्टीने वही उघडली. तिच्या वहीतलं उरलेलं अर्धं कोडं हेच होतं.

"फुली दिसणारच नाही, काकू," ती हळूच म्हणाली. "मामांनी सगळे खांब हिरवे रंगवलेत. आणि आज ते तिथलं कपाट काढणार आहेत."

"दांडी कपाटावर टेकलीय म्हणालीस ना? अगं, मग त्या दांडीला आता ते कपाटच धरून आहे! धावा! खाली कुणाला थांबू देऊ नका. पाणी सोडून द्या, पण दुरून! मी सायकल घेऊन आलेच!"

"खाली मामी बसते," शेपूट म्हणाला.

तिघं जीव मुठीत धरून धावले. फाटकातूनच त्यांना सगळं दिसलं. दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या. मामी टेबलापाशी मान खाली घालून बसलेली. मामा कपाटाला धरून उभे. आणि फिटरकाका दांडीखाली गाडीचा जॅक बसवत होते!

"दांडी बोटभर वर उचलतो, मालक, की कपाट अलगद बाहेर!"

खालून धक्का! मोजपट्टी ओरडली, "मामा, थांबा! बाजूला व्हा! मामी, ऊठ तिथून!"

"आली मोजणी करणारी!" मामा हसले. "बाळ, मोठ्यांच्या कामात लुडबूड नको."

समजावत बसायला वेळ नव्हता. मोजपट्टीने इकडेतिकडे पाहिलं. जॅकचा दांडा अजून फाटकापाशी, फिटरकाकांच्या स्कूटरवरच होता.

"भोपू, नळीच्या पार खालच्या टोकाचा मोठा व्हॉल्व्ह उघड! शेपूट, तू पार कोपऱ्यात जा आणि रड!"

"किती रडू?"

"पूर्ण!"

शेपटाने कोपरा गाठला आणि असा काही गळा काढला, की झाडांवरची पाखरं उडाली. "मामीऽऽ! मेलो गंऽऽ!" हातातलं रोप टाकून मामी तिकडे धावली. त्याच वेळी खालच्या टोकाला पाण्याचा लोंढा सुटला आणि भोपूने भोंगा लावला, "बाबाऽऽ! पाणी वाया चाललंऽऽ!" वाया जाणारं पाणी मामांना जन्मात सहन होत नसे. ते हातातलं सगळं सोडून पळाले. फिटरकाकांनी मागे वळून पाहिलं, तर त्यांचा दांडा खांद्यावर टाकून मोजपट्टी रस्त्याने सुसाट निघालेली!

"ए पोरी! माझा दांडा!" तेही धावले.

रॅकखाली आता चिटपाखरूही नव्हतं.

"बंद कर तो व्हॉल्व्ह!" मामा ओरडले. भोपू व्हॉल्व्हच्या चाकावर ठाण मांडून बसला होता.

"आधी ऐका, मग बंद करा!"

"कार्ट्या, आज तुझी धडगत नाही!"

"त्याच्या अंगाला हात लावू नका!" फाटकातून खणखणीत आवाज आला. सायकल तशीच भिंतीवर टाकून काकू आत आल्या. त्यांच्यामागे दांड्यासकट मोजपट्टी आणि धापा टाकणारे फिटरकाका. काकू रॅकपासून बऱ्याच लांब थांबल्या. एक डोळा मिटून त्यांनी मागच्या खांबाकडे निरखून पाहिलं.

"हा खांब माझ्या चांगल्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी याला धडक मारली, ती मीच! पाणी सगळं उतरू द्या. तोवर कुणी जवळ जायचं नाही."

त्या आवाजापुढे मामांचं काही चालेना. मुलांनी नळीचं तोंड रिकाम्या पिंपांमध्ये सोडलं आणि सगळे लांब उभे राहून बघत राहिले. तासाभराने टाक्या रिकाम्या झाल्या. मग काकू एकट्याच पुढे गेल्या आणि त्यांनी किल्लीने खांबावरचा हिरवा रंग खरवडला. खालून लाल रंग निघाला. अजून खरवडला, तर अख्खी फुली!

"ही विकल्याची खूण असेल असं वाटलं मला," मामा पुटपुटले.

काकूंनी रिकाम्या टाक्या आणि फळ्या सांभाळून खाली उतरवून घेतल्या. मग दांडीच्या टोकाला खालून तळहाताने एक हलकीशी थाप मारली. टक्! दांडी खाचेतून निघून मामीच्या खुर्चीवर धाडकन पडली. खुर्चीचा एक पाय मोडला.

मामा त्या खुर्चीकडे बघत राहिले. फिटरकाकांनी टोपी काढली आणि ते खाली बसले.

"मी तिथे रोज आठ तास बसत होते," मामी म्हणाली. तिने तिघांना एकदम जवळ ओढलं आणि इतकं घट्ट धरलं, की शेपूट म्हणाला, "मामी, आता खरंच मेलो गं!" तेव्हा कुठे ती हसली. हसताहसता रडलीही.

"पोरांनो, चुकलो मी," मामा म्हणाले. "तुम्ही नुसतं विचारत होता आणि मी हसत होतो."

"या मुलीने वहीत वेळा लिहिल्या नसत्या, तर आज काय झालं असतं हे मला सांगवत नाही," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षांत इतकं नीट बघणारं माणूस मला भेटलं नव्हतं. आणि त्या व्हॉल्व्हवर बसलेल्या वाघालाही शाबास! त्या रडणाऱ्यालाही!"

पुढचे आठ दिवस नळी बंद होती. रोज पंपाने पिंपं भरायची आणि मुलांनी झाऱ्या भरभरून ते पाणी रोपांना घालायचं, असं चाललं. हात भरून आले, पण चार हजारांतलं एकही रोप सुकू दिलं नाही. तिकडे काकूंनी निवडून चांगले खांब आणले. "माझ्या डोळ्यावर जाऊ नका, हिशेब करणारं माणूस आणा," असं त्यांनी बजावलं, तेव्हा मामांनी एका इंजिनिअरबाईंना बोलावलं. बाईंनी भार मोजला, दांड्यांची एक जोडी वाढवली आणि एका जोडीवर एकच टाकी ठेवायची असं ठरवून दिलं. खाली सिमेंटचा ओटा झाला. खांबांचे पाय त्यात बोल्टने आवळले. जाळीचे सगळे आकडे काढून आपापल्या जागी गेले, जाळी सुतळीने बांधली. रॅकला चहूबाजूंनी कठडा घातला आणि मामीचं टेबल थेट पलीकडच्या झाडाखाली गेलं.

नवव्या दिवशी सकाळी सगळे कठड्याबाहेर जमले. मामांनी पंपाच्या बटणावर बोट ठेवलं. पण ते दाबलं नाही.

"मोजपट्टी," त्यांनी विचारलं, "भरू का पाणी?"

"थांबा!" मोजपट्टी म्हणाली.

ती वही घेऊन कठड्याच्या आत गेली. प्रत्येक दांडीच्या प्रत्येक टोकाशी थांबली, पिन हाताने हलवून पाहिली आणि वहीत खूण केली. त्यात चांगली पंधरा मिनिटं गेली. ऊन चढायला लागलं, पण मामा बटणावर बोट ठेवून शांत उभे होते. फिटरकाका तिच्यासाठी स्टूल धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होते आणि "हळू चढ गं बाई" म्हणत होते. कुणी म्हणून कुणी घाई केली नाही.

शेवटी ती बाहेर आली आणि तिने वही मिटली.

"हं, मामा. भरा आता!"